वेध्याला खो

दर रविवारी दुपारी, जेवणाची भांडी विसळून पालथी घातली की मी आणि शैला एका दैत्याच्या हातून मरायला बसत असू. दैत्याचं नाव मनवेध. आम्ही सगळे त्याला वेध्या म्हणायचो. 'सातगड' नावाच्या खेळातल्या सातव्या गडाच्या माथ्यावर तो ठाण मांडून असे, आणि अकरा रविवारांत त्यानं आम्हा नऊ जणांना एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

सहासष्ट वर्षांच्या माणसानं फलटणच्या आपल्या हॉलमध्ये बसून दैत्य मारावेत याचं शेजारच्या कदमांना भारी हसू यायचं. "जगदाळे, त्यापेक्षा भजनाला या," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "मी भजनाला आलो तर तुम्हीच उठून जाल." पण आमच्या घरात हा खेळ औषध म्हणून आला होता हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे ते हसायचे ते जपूनच.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात शैलाला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, चालणं महिन्याभरात परतलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवलेलाच राही, आणि बोलणं तुटलं. शब्द तिला आठवत असत, जिभेपर्यंत येत नसत. दिवसाला दहा-बारा सुटे शब्द, बाकी डाव्या हातानं पाटीवर लिहायचं. जी बाई तीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळाच्या मास्तरीणबाई होती, जिच्या शिट्टीनं अख्खं मैदान गप्प व्हायचं, ती आता पाटीवर 'पंखा' लिहून माझ्याकडे बघायची. तेही क्वचित. कारण तिनं लिहायच्या आत मी पंखा लावलेला असे.

याचा मला अभिमान होता. मी एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. वळणावर गाडीचा आवाज आला की ती कुठून आली आणि किती भरली आहे हे मी खिडकीतून न बघता सांगायचो. पुढं विजेच्या गाड्या आल्या, आवाज गेला, आणि मीही निवृत्त झालो. ती सगळी विद्या मग मी शैलापाशी लावली. तिला तहान लागायच्या आधी पेला पुढं, ऊन लागायच्या आधी पडदा बंद. कदमवहिनी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी वरवर नको नको म्हणायचो, पण आतून फुलून यायचो.

खेळ आला तो अंतरकर मॅडममुळे. त्या शैलाचा व्यायाम घेतात. त्यांनी पहिल्या दिवशी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपण हात उचलतो, त्याच्या अर्धा-पाऊण सेकंद आधीच मेंदूत माथ्याच्या बाजूला विजेचा एक बारीक चढ सुरू होतो. ती तयारी. हात मागाहून हलतो. शैलाच्या डोक्यात तयारी होत होती, पण निरोप हातापर्यंत नेणारी वाट खचली होती. कपाळावरून बांधायचा एक पट्टा असतो, तो हा चढ ओळखतो. उजव्या हाताला एक बाही घालायची. पट्ट्याला चढ दिसला की बाही त्याच क्षणी मनगटाला हलका झटका देते आणि बोटं मिटतात. मनानं मागावं आणि हातानं लगेच द्यावं, असं हजारो वेळा घडलं की मेंदू जवळच्या एखाद्या पायवाटेनं निरोप धाडायला शिकतो.

"पण मागणं त्यांचं स्वतःचं हवं," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुम्ही त्यांचा हात धरून हजार वेळा हलवलात, तर ती नुसती मालिश."

हजार वेळा मूठ मिटा म्हटलं की कुणालाही जांभया येतात, म्हणून खेळ. पट्टा खेळाला जोडला की शैला गडावरची तिरंदाज होई. तिच्या मनात धनुष्य ताणायचं आलं की पडद्यावरची तिरंदाज दोन्ही हातांनी ते ताणे, आणि इकडे बाहीतली बोटं हळूच मिटत. पहिल्यांदा तिचा बाण लागला तेव्हा ती पडद्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी टॉवेल आधीच आणून ठेवला होता.

नऊ जणांचं आमचं पथक असं जमलं. कप्तान रेहाना शेख, लातूरची, औषधांचं दुकान चालवते, वय तीसच्या आत आणि आवाज फौजदाराचा. नंदू भोसकर रत्नागिरीचा, बर्फाच्या कारखान्यात कामाला, तो गदा फिरवायचा. गडहिंग्लजच्या एका दवाखान्यातल्या पाच नर्सबाया, पाचही तलवारवाल्या, त्यांच्या वतीनं बोलायची ती प्रज्ञा. शैला तिरंदाज. आणि मी ढालवाला. दैत्याच्या आणि आपल्या माणसाच्या मधे उभं राहायचं, एवढंच माझं काम. मला ते शिकवावं लागलं नाही.

वेध्याची गंमत ही की तो बोटांच्या चपळाईला भीक घालत नसे. हा खेळ सगळेच कपाळाला पट्टा बांधून खेळतात, आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्याला आम्हा सगळ्यांच्या पट्ट्यांतले ते चढ वाचायची मुभा दिली होती. तलवार उचलायचं मनात आलं, हात अजून हलला नाही, की वेध्या बाजूला झालेला. संमतीच्या कागदावर हे लिहिलेलं होतं म्हणे. आम्ही सगळ्यांनी तो न वाचताच अंगठा टेकवला होता.

अकराव्या रविवारीही आम्ही मेलो. शैलाचे एकोणीस बाण सुटले, एकोणीसच्या एकोणीस हुकले. बाण निघायच्या आधीच वेध्या वाकलेला असे, आणि पुढच्याच क्षणी त्याची कुऱ्हाड तिच्यावर.

पडदा काळा झाला. मग प्रज्ञा म्हणाली, "काकू, राग नका मानू हं. पण वेध्याला तुमचं सगळं आधी कळतंय. आमचं निदान चारांत एकदा तरी लागतंय."

"दोनच रविवार उरलेत," रेहाना म्हणाली. "महिना संपला की वेध्या जाणार, गड बंद. मग त्याला कुणीच मारू शकत नाही."

"माझी मामेबहीण आहे तिरंदाज," प्रज्ञा चाचरत म्हणाली. "नुसतं विचारतेय."

शैला माझ्या शेजारी बसली होती. तिनं पाटी घेतली नाही. बाहीतली तिची बोटं एकदा मिटली आणि उघडली, तेवढंच. मला प्रज्ञाचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. दिवसातली ही एकच गोष्ट शैला स्वतःहून मागायची. ही गेली की ती हात मांडीवर ठेवून देईल आणि तो तिथंच राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मंगळवारी अंतरकर मॅडमनी पट्ट्याची महिन्याची नोंद उघडली. आठवड्यातले दोन तास शैला खेळात असे, तेव्हा तासाला तीनशे वेळा हात उचलायची तयारी दिसत होती. बाकी वेळ, घरात, पट्टा तिच्या कपाळावरच असायचा. तरी दिवसाकाठी आठ.

"आठ?" मॅडमनी चष्मा वर केला. "जगदाळे, घरात त्या हात हलवायचा प्रयत्नच करत नाहीत. असं का होतं?"

"दमते हो ती," मी शैलाच्या वतीनं म्हणालो.

"लवकर काहीतरी करायला हवं. आठ महिने होत आलेत. पहिल्या वर्षात वाट जितकी पटकन रुळते तितकी नंतर रुळत नाही."

शैलानं काहीतरी लिहायला पाटीकडे हात नेला. मी पाटी उचलून तिच्या मांडीवर ठेवली, खडू हातात दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खडू परत माझ्या हातात ठेवला.

बुधवारी रेहानाचा फोन आला. "काका, एकटे आहात का? काकूंच्या समोर नको."

मी अंगणात गेलो. रेहाना कप्तान असल्यामुळं तिला लढाईनंतर एक आलेख मिळतो. वेध्यानं कुठल्या क्षणी कुणाचा पट्टा वाचला हे त्यात असतं. आमच्यापैकी कुणी तो कधी उघडून बघितला नव्हता, कारण कुणाला वेळ होता?

"काका, वेध्या काकूंना वाचतच नाहीये. काकूंचा इशारा लई उशिरा येतो, तोवर तो वाकलेला असतो. तो तुम्हाला वाचायलाय."

"मला? मी कुठं बाण मारतो?"

"काकूंनी डावीकडं मारायचं ठरवायच्या आत तुम्ही ढाल डावीकडं न्यायच्या तयारीत असता. एकोणीसपैकी सोळा वेळा. काकूंच्या मनातलं तुम्हाला आधी कळतंय, अन् तुमच्याकडून त्याला." ती पुढं म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं झालंय तुमचं. काकूंना तुम्हीच सांगा. मी सांगणं बरं दिसत नाही."

मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. बुधवारी सांगितलं नाही, गुरुवारी सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात त्याप्रमाणे मला सगळीकडे तो आलेखच दिसायला लागला. सकाळी मी शैलाच्या चपला तिच्या पायांच्या दिशेनं फिरवून ठेवत होतो, तेव्हा दिसला. कंगवा तिच्या केसांपर्यंत नेला तेव्हा दिसला. चाळीस वर्षांत मी जे प्रेम म्हणून कमावलं, त्याच्याच जोरावर एक दैत्य माझ्या बायकोला दर रविवारी मारत होता, आणि दोष तिच्या माथी बसला होता. तरी मी गप्प राहिलो. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

शुक्रवारी सकाळी शैलानं बाही घातली नाही. पट्टा कपाटात, साड्यांच्या मागं सारलेला मला सापडला. टेबलावर पाटी होती. 'माझ्यामुळे हरता. प्रज्ञाची बहीण घ्या.'

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सांगून टाकलं. आलेख, सोळा, सगळं. एसटीतल्या अपघाताचा जबाब द्यावा तसं एका दमात.

तिनं पाटी पुसली. हळूहळू लिहिलं, 'सोळा?'

"सोळा."

पुन्हा पुसली. 'कधी कळलं?'

"बुधवारी."

तिनं बोटांवर मोजलं, बुध, गुरू, शुक्र, आणि मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्चीत बसवेना. सोळा बाणांचं तिला काही नव्हतं. तीन दिवस मी तिला स्वतःला निकामी समजू दिलं होतं, ते तिला लागलं होतं. खडू तिच्या हातून सुटला आणि टेबलावरून घरंगळत निघाला. मी सवयीनं झेप घेऊन तो पकडला. तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर सणसणीत फटका मारला.

"थांबा!" ती म्हणाली.

दिवाळीनंतर इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. खडू खाली पडला. ती उठली, वाकली, दोनदा चुकून तिसऱ्यांदा तो उचलला आणि परत येऊन बसली. तेवढ्या वेळात मला मंगळवारचे ते आठ कळले. ती दमत नव्हती. तिच्या हातानं काही मागावं अशी वेळच मी घरात येऊ देत नव्हतो.

"मी तुला मदत करत नव्हतो," मी म्हणालो. "तुझा डाव मीच खेळत होतो. चुकलो मी, शैला."

तिनं पाटी पुढ्यात ओढली. मग लिहायच्या ऐवजी ती चित्र काढायला लागली. एका ओळीत आठ चौकोन. प्रत्येकात एक बाण, एक इकडे तोंड केलेला, एक तिकडे. नववा एकटा, ओळीबाहेर. आणि दोन्ही टोकांना दोन उभ्या रेघा.

ते दोन खांब होते. मला काही सांगावं लागलं नाही. शैला मला पहिल्यांदा दिसली ती खो-खोच्या मैदानावरच, साताऱ्याला जिल्हा स्पर्धेत. मी त्यांच्या संघाच्या गाडीबरोबर गेलो होतो आणि पाच वाजता गाडी सुटलीच पाहिजे म्हणून मैदानाच्या कडेला घड्याळ दाखवत फिरत होतो. ही बाई चौकोनात पाठमोरी बसली होती. मागून थाप पडेपर्यंत तिची वेणीसुद्धा हलली नाही, आणि खो मिळाला तशी ती अशी सुटली की मी गाडीची वेळ विसरलो.

"खो," शैला म्हणाली. तो शब्द तिच्या जिभेला कुठंही अडला नाही.

मराठी माणसाला खो-खो समजावत बसायची गरज नाही. पण त्यातली एक गोष्ट कधी माझ्या लक्षात आली नव्हती. बसलेल्या गड्यानं काही ठरवायचंच नसतं. आपल्याला खो कधी मिळेल हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो मिळायच्या आधी उठला तर फाऊल. मी अंतरकर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमच्या मिसेसचं. स्वतःहून हात उचलताना तो लांबलचक चढ येतो. अचानक हाकेसरशी उचलला तर जवळजवळ येतच नाही. वेध्याला वाचायला काही उरणार नाही."

त्याच दुपारी शैलानं कॅमेऱ्यासमोर पाटी धरली आणि मी तोंडानं समजावलं. वेध्याभोवती कडं करून आठ जणांनी बसायचं, एक आड एक उलट तोंडानं. नववा मारत सुटणार. त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्या पाठीवर थाप मारून तो खो देणार. खो मिळाला की उठायचं, वेध्याचा जो भाग समोर येईल त्यावर हाणायचं, आणि पळत पुढच्याला खो द्यायचा. वेध्याला कळलंच तर इतकं कळेल की कुणीतरी खो देणार आहे. उठणाऱ्यालाच माहीत नसलेलं तो कुठून वाचणार?

"डोकं रिकामं ठेवायचं म्हणजे," रेहाना म्हणाली.

"माजं तसं पन रिकामंच असतंय," नंदू म्हणाला.

प्रज्ञा जरा अवघडून म्हणाली, "काकू, परवाचं मनात ठेवू नका."

शैलानं पाटीवर लिहून दाखवलं, 'आधी नीट बस. पाठ सरळ.' पाचही नर्सबाया सावरून बसल्या.

बाराव्या रविवारी वेध्या पहिल्यांदा गोंधळलेला आम्ही पाहिला. तो ज्याच्याकडे वळे तो शांत बसलेला असे, आणि घाव भलतीकडूनच येई. त्याचा अर्धा जीव गेला. शैलाचे चार बाण लागले. मग ती खो देऊन मोकळ्या झालेल्या जागी बसत होती तेवढ्यात कुऱ्हाड तिच्यावर उगारली गेली, आणि मी ढाल घेऊन उठलो. मला खो मिळालेला नव्हता. माझा चढ वेध्याला गडाच्या पायथ्यापासून दिसला असेल. त्यानं मला तिथंच झोपवलं, कडं फुटलं, आणि पुढच्या मिनिटात आम्ही नऊच्या नऊ मेलो.

"फाऊल!" शैला ओरडली. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला टॉवेल आणायची तीव्र इच्छा झाली आणि मी तो आणला नाही.

एकच रविवार उरला होता. तो आठवडा शैलानं मला मुलींच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरीसारखं राबवलं. हॉलमध्ये खुर्ची मांडायची, तिच्याकडे पाठ करून बसायचं, खो मिळेपर्यंत उठायचं नाही. मागं ती काय करतेय हे बघायचं नाही, आवाजावरून ओळखायचंही नाही. हे ओळखणं सोडणं सगळ्यात अवघड. स्टुलावरचा तांब्या सरकला की मला कळायचं, तिला पाणी हवंय. तांब्या पडला की कळायचं, हात पोचला पण पकड बसली नाही. फरशीवरचं पाणी पायाला लागायचं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचो. गुरुवारी संध्याकाळी कदम डोकावले. घरभर पाणी, मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो, शैला जमिनीवर तांब्याशी झटत असलेली. "भांडण झालं का?" त्यांनी हळूच विचारलं. "सराव चाललाय," मी म्हणालो. ते पाय न वाजवता निघून गेले. घरातला रोजचा आकडा शनिवारी दोनशे चाळीस होता.

तेराव्या रविवारी गडावर धुकं होतं. आम्ही कडं करून बसलो. माझं तोंड दरीकडे, पाठ वेध्याकडे. तो मला दिसतच नव्हता. फक्त आवाज येत होते. पहिला खो रेहानानं दिला, मग एकामागून एक ते फिरत राहिले. नंदूची गदा, तलवारी, मधेच शैलाच्या धनुष्याचा टणत्कार. आपल्या पाठीवर थाप कधी पडते याची वाट बघणं हीसुद्धा तयारीच, म्हणून मी वाटही बघायची नाही असं ठरवलं. दरीतलं धुकं बघत बसलो. आयुष्यात इतका वेळ कुणाच्या उपयोगी न पडता मी कधी बसलो नव्हतो.

"एक दशांश उरलाय!" रेहाना ओरडली. "कुणी घाई करू नका!"

खो शैलाकडे आला. तिची पावलं मला ओळखू आली, कितीही नाही म्हटलं तरी. ती माझ्या मागून धावत गेली. मग वेध्याचा तो जड श्वास, कुऱ्हाड वर जाताना येतो तो. कुऱ्हाड तिच्यावरच येणार होती, आणि मी तिच्यापासून तीन पावलांवर होतो. माझ्याइतकं जवळ कुणी नव्हतं, ढालही दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती मलाच खो देणार याची मला खात्री होती. पट्ट्याखाली माझं कपाळ घामानं भिजलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

तिनं मला खो दिला नाही. माझ्या पाठीमागून ती पुढं गेली, कड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कुऱ्हाड आपल्यामागं ओढत. वेध्या पूर्ण वळला. "खो!" असं तिनं म्हटल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मग प्रज्ञाची आरोळी. उघड्या पडलेल्या त्याच्या मानेखाली प्रज्ञाची तलवार गेली. कुऱ्हाड शैलावर पडली तीही त्याच वेळी. ती मेली आणि वेध्या तिच्या शेजारी कोसळला. दरीतून त्याचा आवाज बराच वेळ परत येत राहिला.

नंतरचा गोंधळ काही विचारू नका. नर्सबाया सगळ्या एकदम बोलत होत्या, नंदू काहीतरी गात होता, रेहाना फौजदाराच्या आवाजात रडत होती. प्रज्ञा सारखी म्हणत होती, "काकू, तुम्ही मलाच कसा दिलात?" शैलानं पाटीवर लिहिलं, 'तुझी पाठ सरळ होती.'

मग रेहाना म्हणाली, "काका, आलेख बघितला. शेवटच्या पाच मिनिटांत तुमचा पट्टा सपाट. काहीच नाही. शाबास!"

संपूर्ण लढाईत मला एकदाही खो मिळाला नव्हता. मी एक घाव घातला नाही, एक अडवला नाही. मला तेव्हा वाईट वाटलं हे कबूल करतो. थोडा अभिमानही वाटला, आणि तो कशाचा हे कदमांना समजावून सांगता आलं नसतं.

पावणेपाचला मी चहा केला. दोन कप ट्रेमधून आणले आणि तिचा कप तिच्या उजव्या बाजूला ठेवला, कपाचा कान तिच्याकडे न फिरवता, जसा आला तसा. बाही तिनं काढून ठेवली होती. मी शेजारच्या खुर्चीत बसलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग बशी वाजली. पुन्हा वाजली. चहा टेबलावर सांडल्याचा आवाज आला, आणि माझ्या गुडघ्यापर्यंत एक ओघळ आला. गरम होता. मी हललो नाही. माझा चहा गार झाला. कदमांच्या घरी टाळ वाजायला लागले. कप बशीवरून उचलला गेल्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण तो मला एकतीस वर्षं ऐकलेल्या कुठल्याही गाडीच्या आवाजापेक्षा ओळखीचा वाटला. मग एक घोट.

मी तोंड फिरवलं नाही. फिरवलं असतं तर तिला माझे डोळे दिसले असते.

कप बशीत परतला. आणि माझ्या पाठीवर थाप पडली. हलकी, जरा वाकडी, बोटं पुरती उघडलेली नव्हती. उजव्या हाताची होती.

"खो," शैला म्हणाली.

"बोल," मी म्हणालो. "काय करू?"

तिनं शब्द शोधला. मी थांबलो. मला तो माहीत होता, स्वयंपाकघरातून निघतानाच माझ्या लक्षात यायला हवा होता, पण मी थांबलो.

"साखर," ती म्हणाली.

मग मी उठलो.